पुनरागमन आणि सुवार्ताप्रसार

प्रश्न : वऱ्हाडातील अलायन्स मिशनने ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा सुवार्ताप्रसाराशी जोडलेला संबंध शास्त्राधारित आहे काय? (एक वाचक, अकोला)

उत्तर : अकोला-अमरावतीच्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्यास लागलेल्या या मिशनचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी मत्तय २४:१४ च्या आधारे, सर्व राष्ट्रांस सुवार्ता पोचविल्याने प्रभूचे आगमन त्वरेने घडेल, असे प्रतिपादिले. परंतु त्या वचनात आधी साक्ष व मग शेवट एवढाच क्रम असून, मनुष्याच्या उद्योगाने तो शेवट ओढून आणता येतो, असा करार मला तेथे आढळत नाही. २ पेत्र ३:१२ त्यांच्या मतास काहीसे बळ देते, हे मात्र प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि मत्तयाच्या त्याच अध्यायातील ३६ वे वचन तो दिवस पित्यावाचून कोणासही ठाऊक नसल्याचे बजावते; ते नजरेआड करून अमेरिकेतील विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख मुक्रर केली, आणि सर्वस्व पणाला लावलेल्या कित्येक भाविकांच्या पदरी घोर निराशा आली.