घाटातली ॲम्बेसेडर आणि मागचा बार

प्रश्न : जुनी ॲम्बेसेडर मांजरसुंबा घाटात वळणावर फार कलते. मागे अँटी-रोल बार बसवू का?
– एक वाचक, पाटोदा

उत्तर : घाई नको. आधी पाट्यांचे शॅकल बुश, यू-बोल्ट, शॉकअब्सॉर्बर तपासा. बहुतेकदा झोल तिथेच सापडतो. जादा पाटा घालण्याचा गॅरेजवाल्यांचा आवडता सल्ला मात्र ऐकू नका, रिकामी गाडी आदळेल.

बारमुळे कलणं घटतं, पण वळणावर मागचा भार आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जास्त जातो. ॲम्बेसेडरला ओढ मागच्या चाकांची. ओल्या रस्त्यावर आतलं चाक नुसतं फिरेल, गाडीची मागची बाजू घसरेल. बसवायचाच तर बारीक बार घ्या. या गाडीला वेगळी चासी नाही. म्हणून बार जिथे बसेल तिथल्या पत्र्याला जाड प्लेटचा आधार द्या. चाकं लोंबकळती ठेवून ब्रेकची नळी घासत नाही ना, तेही पाहा.