क्रियापदातून कर्ता ओळखणे

प्राथमिक शाळेत क्रियापदाचा पाठ बहुधा व्याख्येने सुरू होतो व व्याख्येनेच संपतो. मुले व्याख्या घोकतात. परंतु वाक्य पुढे आले की गोंधळतात. जे ज्ञान मूल घरूनच घेऊन येते, त्याची ओळख त्यास करून दिली जात नाही, हे याचे कारण होय.

हे ज्ञान किती मोलाचे आहे, ते परभाषेशी तुलना केल्यास चटकन ध्यानी येते. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, वा. गो. परांजपे यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर १९४१ साली प्रसिद्ध झाले. या पंडिताच्या भाषेतील ‘बोलणे’ या अर्थाचे क्रियापद पाहा. कर्ता मी, तू, तो, ती वा ते असो, वर्तमानकाळी उच्चार ‘पार्ल’ एवढाच राहतो. लेखनात मात्र काहींची अखेर बदलते. ‘आम्ही’साठी ‘पार्लों’ व ‘तुम्ही’साठी ‘पार्ले’ होते. नुसते ‘पार्ल’ ऐकून कोण बोलते ते कळत नाही. म्हणून विधान करताना फ्रेंच भाषेत कर्ता सांगावाच लागतो.

मराठीत ‘बोलतेस’ एवढे म्हणताच समोर एकच मुलगी आहे, हे पहिलीतील मूलही जाणते. तेव्हा शिक्षकांनी फळ्यावर कर्ता न लिहिता ‘जातेस’, ‘धावतात’, ‘बोलतो’ अशी क्रियापदे लिहावीत व लपलेला कर्ता मुलांकडून शोधून घ्यावा. ‘बोलतो’चे मी, तो व आम्ही असे तीन कर्ते मुले स्वतःच काढतील. पुढे ‘खाल्ला’, ‘खाल्ली’ ही रूपे द्यावीत. येथे खाणारा कळत नाही; खाल्लेला लाडू की भाकरी, ते कळते. कर्तरी व कर्मणी प्रयोगांतील भेद येथेच, नावे सांगण्यापूर्वी, मुलांच्या हाती येतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्यापासून पाथर्डीपर्यंत बोलीचे अनेक प्रकार आहेत. एखादा विद्यार्थी ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणाला, तर त्यास हसू नये. ‘भाकर’ स्त्रीलिंगी म्हणून त्याने ‘खाल्ली’ म्हटले; क्रियापदाचा नियम त्याने अचूक पाळला आहे. प्रथम ते वर्गास दाखवावे, मगच ‘मी’ हे प्रमाण रूप शेजारी लिहावे. ज्याची घरची भाषा शाळेत हिणवली जाते, ते मूल बोलणेच सोडते. आणि न बोलणाऱ्या मुलास व्याकरण शिकविता येत नाही.