दिव्यावरून रागावण्याआधी



जानेवारीत विजेचं बिल हातात पडतं आणि बऱ्याच घरांत तोच प्रसंग घडतो. पंखे बंद, कूलर केव्हाच माळ्यावर गेलेला, तरी आकडा अपेक्षेपेक्षा फुगलेला. मग बोलणी बसतात मुलांना: खोलीतला दिवा चालू ठेवलास, मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावलास. दिवा खरोखरच चालू राहिलेला असतो, म्हणून मूल खाली मान घालून ऐकून घेतं. मला याचं वाईट वाटतं, कारण तो आकडा दिव्याने फुगवलेलाच नसतो.

१००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट होतं. ९ वॅटचा एलईडी दिवा दहा-दहा तास अकरा रात्री विसरला, तर कुठे एक युनिट भरतं. २००० वॅटचा गिझर तेवढी वीज अर्ध्या तासात घेतो.

थंडीत गिझर जास्त वेळ का चालतो, हेही समजून घेऊ. नाशिक-निफाडकडच्या गारठ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे १५ अंशांवर आलं असेल, तर २० लिटरची बादली आंघोळीजोगी, म्हणजे ४० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.५८ युनिट लागतं. तेच पाणी २५ अंशांचं असतं तेव्हा ०.३५ युनिटात भागतं. चार माणसांच्या घरात रोज एकेक बादली धरली, तर थंडीच्या महिन्यात आंघोळीचेच सत्तरेक युनिट होतात. उन्हाळ्यात यातलं जवळजवळ काहीच नसतं. पंख्यांची बचत होते खरी, पण तिचा मोठा वाटा आंघोळ खाऊन टाकते. दिल्लीकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना तर खोलीत हीटरही लावावा लागतो. २००० वॅटचा हीटर संध्याकाळी तीन तास चालला की सहा युनिट झालेच.

त्यात आपल्याकडे महावितरणच्या घरगुती दरांत पहिले १०० युनिट स्वस्त आणि पुढचे बरेच महाग. हिवाळ्याचे वाढीव युनिट नेमके त्या महाग टप्प्यात जाऊन बसतात.

हे मुलांना सांगण्यापेक्षा दाखवा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. अनेक मीटरांवर ३२०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे तितक्या वेळा तो लुकलुकला की एक युनिट होतं. रविवारी सकाळी फ्रीजसकट सगळं बंद करून एकच एलईडी लावा आणि मुलाला मीटरसमोर उभं करा. एकदा लुकलुकल्यावर पुन्हा लुकलुकायला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, मूल कंटाळेल. मग गिझर लावा. सेकंदाला जवळपास दोनदा! मुलाला मोजताना दमछाक होईल. पाचवी-सहावीतलं मूल पुढचा गुणाकार स्वतःच करतं, आणि दहा मिनिटं शॉवरखाली उभं राहायचं की बादली घ्यायची, हे त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी ठोस असतं. नाहीतर काटकसर म्हणजे मोठ्यांची चिडचिड, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

बचतीचं म्हणाल तर, घरच्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ उरकल्या, की गिझरच्या टाकीतलं पाणी निवून पुन्हा पुन्हा तापत नाही. कढत पाणी तापवून त्यात गार मिसळण्यापेक्षा गिझरचं तापमान थोडं खाली आणा. घरात लहान मूल असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण ६० अंशांचं पाणी कोवळ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं.

आणि एक कळकळीची विनंती. बिलाच्या धाकाने मुलांना किंवा आजी-आजोबांना गार पाण्याने आंघोळ करायला लावू नका. गिझर टाळायचा म्हणून बादलीत रॉड सोडत असाल, तर ते काम मुलांवर कधीच टाकू नका. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय त्या पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही, हे मुलांना आजच सांगा, आणि तुम्हीही ते रोज पाळा.