घरातील छळ, संरक्षणाचा हुकूम आणि उसाचे बिल



नवऱ्याने मारले तर पोलीस ठाण्यात जायचे, आणि ठाण्याची पायरी चढली की संसार मोडला, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. त्यामुळे बाई सोसत राहते आणि माहेरचे 'नांदून घे' म्हणत राहतात. ही समजूत पूर्वीच्या कायद्यामुळे झाली. 1983 साली दंडविधानात 498-अ हे कलम आले. आता 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेची 85 व 86 ही कलमे आहेत. हे कलम छळ करणाराला शिक्षा देते. पण नवरा तुरुंगात गेला तरी बाईने रात्री राहावे कुठे, पोरांची फी कोणी भरावी, याचे उत्तर त्यात नाही.

ते उत्तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिले. हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. यात घटस्फोट मागावा लागत नाही, की आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागत नाही. बाईने स्वतः किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कोणी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. सुनावणीची पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. (साठ दिवस कागदावरचे. तारखा कशा पडतात हे बांधाचा दावा लढलेल्या सभासदांना सांगायला नको.) मात्र प्रसंग निकडीचा असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीही तात्पुरता हुकूम देता येतो.

संरक्षणाचा हुकूम म्हणजे न्यायालयाने घातलेली मनाई. मारू नको, तिच्या कामाच्या जागी जाऊ नको, फोन करून त्रास देऊ नको. हा हुकूम मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो, आणि तो दखलपात्र व बिनजामिनी आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता आपल्या धंद्याशी थेट संबंध असलेला भाग. हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. खर्चाला पैसे न देणे, स्त्रीधन अडकवणे, तिचा हक्क असलेली मालमत्ता परस्पर विकणे यालाही कायदा आर्थिक छळ म्हणतो. त्या मालमत्तेच्या यादीत 'शेअर्स' हा शब्दही आहे. आणखी महत्त्वाचे कलम 20 आहे. न्यायालयाने ठरवलेली पोटगीची किंवा खर्चाची रक्कम नवऱ्याने दिली नाही, तर त्याला पगार देणाऱ्या मालकाला किंवा त्याचे पैसे देणे असलेल्या कोणालाही, त्यातला काही भाग थेट बाईला द्या किंवा न्यायालयात भरा, असे दंडाधिकारी सांगू शकतात. चाकणच्या कंपनीतला पगार यात येतोच. पण ऊस गाळपाला गेला आणि बिल निघायचे आहे, तर कारखानासुद्धा सभासदाचा देणेकरीच की! 'जमीन माझ्या नावावर, बिल माझ्या खात्यावर, तिला काय मिळणार' असे पारावर बसून बोलणाऱ्यांनी हे कलम एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

रहाटणी, काळेवाडी, पिंपळे सौदागर या बाजूला उसाच्या जागी इमारती आल्या. तिथे घराघरात भांडण जमिनीच्या पैशाचे आणि खोल्यांच्या भाड्याचे. 'घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा हक्क नाही' म्हणून सुनेला बाहेर काढले जाई, आणि 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा त्याला आधारही मिळे. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्याच न्यायालयाने तो अर्थ चुकीचा ठरवला. सून त्या घरात संसार करून राहिली असेल, तर घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी ती तिथे राहण्याचा हक्क मागू शकते. यात मालकी मिळत नाही, राहणे मिळते. हा फरक दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावा.

कायदा फक्त सुनेसाठी आहे असेही नाही. आई, बहीण, विधवा भावजय यांनाही तो आहे. मूळ कायद्यात तक्रार मुख्यतः 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच करता येत असे. मुंबईतल्या एका आई-लेकीने मुलगा, सून व दोन मुलींविरुद्ध केलेल्या अर्जावरून प्रकरण दिल्लीपर्यंत गेले, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन शब्द काढून टाकले. म्हाताऱ्या आईला मुलगा आणि सून मिळून छळत असतील, तर आता दोघांविरुद्ध अर्ज चालतो.

खरी अडचण अंमलबजावणीची आहे. कायद्याने संरक्षण अधिकारी नेमण्याचे काम राज्य सरकारवर टाकले. बाईचा अहवाल लिहिणे, अर्जाला मदत करणे, निवारा मिळवून देणे हे सारे त्याने करायचे. पण दुसरे काम सांभाळणाऱ्यावरच हा जादा भार टाकला, तर बाई कचेरीत जाते तेव्हा साहेब दौऱ्यावर असतात. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावे लागले की जिल्हा व तालुका पातळीवर असे अधिकारी नेमा. त्याच महिन्यात आपल्या शेजारच्या मुळशी तालुक्यातील एका विवाहितेच्या मृत्यूने सारा जिल्हा हादरला होता. खटल्यावर इथे लिहिणे बरे नव्हे. पण त्याच घरातील थोरल्या सुनेने आधी तक्रार केली होती, हे नंतर सगळ्यांनी वाचले. तालुक्याला पूर्णवेळ अधिकारी हवा, ही मागणी आपल्या आमसभेतही व्हायला हरकत नाही.

अर्ज बाई जिथे राहते तिथल्या न्यायालयात चालतो, तात्पुरती माहेरी आली असली तरी. महिलेला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. तातडीला 112 आणि महिलांसाठी 181 हे फोन आहेत. शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्याला कळवावे; चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायद्याने जबाबदारी येत नाही. हुकूम झाला की त्याची प्रत बाईला फुकट मिळते व पोलीस ठाण्यालाही जाते. ती ठाण्यात पोचली की नाही, हे दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन विचारावे.