कोण पाहिजे?

चि. मनूस,


नव्या नंबरवर रोज कुणा परक्या माणसासाठी फोन येतात आणि परवा तू एकाला नको ते बोललीस, असं ताई म्हणाली. तुझा वैताग मला समजतो. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर माझी पंचवीस वर्षं गेली आहेत.

तुझा नंबर नवा नाही, हे आधी लक्षात घे. बंद पडलेला मोबाइल नंबर आपल्याकडे किमान 90 दिवस तसाच ठेवतात आणि मग दुसऱ्याला देतात. आधीच्या माणसाचं कर्ज, त्याचे पाहुणे, त्याचा गॅसवाला, सगळे तुझ्याकडेच येणार. त्यांच्याकडे अजून तोच नंबर लिहिलेला आहे.

म्हणून फोन उचललास की आधी विचार, "कोण पाहिजे?" समोरून "तुम्ही कोण?" असं आलं तरी नाव सांगू नकोस. बोर्डावर बसलो तेव्हा आम्हालाही पहिल्यांदा हेच शिकवलं होतं. त्यांनी कुणाचं नाव घेतलं की सांग, "हा नंबर आता माझ्याकडे आहे, तुमच्याकडचा खोडून टाका."

वसुलीवाले एवढ्याने थांबत नाहीत. कुठल्या बँकेकडून बोलताय ते विचारून घे आणि त्या बँकेच्या तक्रार विभागाला मेल कर. फोनवर घसा फोडून काही होत नाही. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर कर्जदारालासुद्धा वसुलीचा फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तू तर कर्जदारही नाहीस. आणि कुणी कितीही गयावया केली तरी तुझ्या फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायचा नाही.

रात्री अकराला "राँग नंबर" म्हणून येणारा आणि तुझा आवाज ऐकला की पुन्हा पुन्हा येणारा फोन वेगळा. त्या माणसाशी भांडू नकोस. तू बोलत राहावंस एवढंच त्याला हवं असतं. "पुन्हा फोन करू नका" असं एकदाच, मेसेजमध्ये लिही, म्हणजे पुरावा राहील. त्यानंतर एक शब्द नाही. तरी थांबला नाही तर कॉलची यादी घेऊन पोलिसांत जा. बाईने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुषाने तिला गाठत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. ताई काळजी करेल म्हणून तिच्यापासून मात्र लपवू नकोस.

बाकीच्यांशी नीट बोल गं. आमच्या घरचा नंबर आणि एका दवाखान्याचा नंबर यांत एकाच आकड्याचा फरक होता. दिवसभर बोर्डावर गोड बोलून आले की घरी हे फोन मला नकोसे व्हायचे. एका रात्री एसटीडी बूथवरून एका माणसाने तीनदा फोन केला. दोनदा मी न ऐकताच रिसीव्हर आपटला. तिकडे प्रत्येक वेळी त्याचं मीटर पळत होतं. तिसऱ्यांदा विचारलं, कोण पाहिजे? त्याची बायको त्या दवाखान्यात बाळंतपणाला होती. दवाखान्याचा नंबर मी त्याच रात्री कॅलेंडरवर लिहिला आणि पुढे दर जानेवारीत नव्या कॅलेंडरवर उतरवत गेले. ते दोन फोन आपटल्याचं मला आजही वाईट वाटतं.

हो, आणि नाशिकला असताना तुझा जो नंबर होता, तो बँकेत आणि आधारमध्ये बदललास का? तोही आता कुणाला तरी मिळाला असेल. उद्याच बँकेत जाऊन ये आणि काम झालं की मला कळव.

तुझी,
मावशी