तिची फाइल वेगळी

एडिसन, न्यू जर्सी

चि. बाळूस,


परवा फोनवर तू सगळं भराभरा सांगून टाकलंस. डिसेंबरात कोल्हापुरात लग्नाची नोंदणी, मग तू इकडे परत, आणि जानेवारीपासून मायलेकींचे कागद सुरू. फोन ठेवता ठेवता म्हणालास, ''चिमणीचं काय, ती आईच्या फाइलमध्येच येईल.'' त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हेच वाक्य मी २००८ साली याच स्वयंपाकघरात उभा राहून बोललो होतो, आणि ते आम्हाला अकरा महिन्यांना पडलं.

म्हणून आधी तेच. तू अमेरिकेचा नागरिक आहेस. नागरिकाच्या बायकोला आणि एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलाला कोटा नाही, वर्षानुवर्षांची रांग नाही. कागद तपासायला जो वेळ लागतो तेवढाच. पण या वर्गात कुणी कुणाचा पदर धरून येत नाही. बायकोसाठी एक आय-१३० अर्ज, चिमणीसाठी दुसरा आय-१३०. फी दोन, पावत्या दोन, केस नंबर दोन. तुझ्या ऑफिसात कुणीतरी हमखास सांगेल की आमच्या मेव्हण्याच्या मुलाला वेगळा फॉर्म लागला नव्हता. तो खोटं बोलत नसतो. त्याचा मेव्हणा त्या वेळी ग्रीन कार्डवर असतो. ग्रीन कार्डवाल्याने बायकोसाठी केलेल्या अर्जात तिचं मूल आपोआप धरलं जातं. नागरिक झालं की ही एक सोय जाते. शपथविधीला छोटा झेंडा हातात देताना हे कुणी सांगत नाही.

चकवा कुठे आहे तेही सांगतो. बायकोच्या फॉर्मवर तिच्या मुलांची नावं लिहायला जागा आहे. मी तिथे काकूच्या मुलाचं, दादूचं, नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि काम झालं असं समजलो. ज्या सल्लागाराला मी पैसे मोजले होते, त्यानेही मान डोलावली. पुढे न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडून फीचं बिल आलं, ते एकाच नावाचं. तिकडे मिरजेत नऊ वर्षांच्या दादूने आईच्या हातातला कागद वाचला आणि विचारलं, ''यात माझं नाव का नाही?'' तुझी काकू मला फोनवर एवढंच म्हणाली, ''तो येईल तेव्हा मी येईन.'' मी त्याच आठवड्यात त्याचा अर्ज टाकला. तो मंजूर होऊन आईच्या केसला गाठेपर्यंत अकरा महिने गेले, आणि तेवढा काळ काकूची केस मरू नये म्हणून आम्ही तिला नुसतं पाणी घालत राहिलो. मुलाखत अखेर २०१० मध्ये झाली. तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला होती, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात. बाहेर भुलाभाई देसाई रस्त्यावर उन्हात उभं राहायचं आणि आत जाऊन छताकडे बघत बसायचं. आता ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. छत बघण्यासारखं नसावं.

सावत्र बाप म्हणून तुझा हक्क कशावर उभा आहे, हे नीट समजून घे. चिमणी अठरा वर्षांची व्हायच्या आत तुझं आणि तिच्या आईचं लग्न झालेलं असलं पाहिजे. बस. दत्तक घ्यावं लागत नाही. ती बारा वर्षांची आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही. तिच्या अर्जाला तीन गोष्टी जोडायच्या: आईचं नाव असलेला तिचा जन्माचा दाखला, तुमच्या लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि आधीचं लग्न कायद्याने संपल्याचा पुरावा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल काढ. मुलाखतीला वकिलाकडे पडलेली झेरॉक्स चालत नाही.

आता नावं. इथे आपली माणसं जितकी अडकतात तितकी कशातच अडकत नसतील. आपल्याकडे बाईचं मधलं नाव नवऱ्याबरोबर बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलतात. म्हणजे चिमणीच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईचं एक नाव, आईच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि लग्नानंतर तुझ्या आईला, म्हणजे वहिनींना, हौस आली तर तिसरं. अमेरिकन अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात. तेव्हा आईचा पासपोर्ट आत्ता ज्या नावाने आहे त्याच नावाने सगळे अर्ज भर. आधीची सगळी नावं फॉर्मवर 'इतर नावं' म्हणून नोंदव, एकही गाळू नकोस. पासपोर्टावरचं नाव बदलायचं असेल तर इथे पोचल्यावर सवडीने बदला.

आणि चिमणीचं नाव? तिच्या नावाच्या मध्ये तिच्या वडिलांचं नाव आहे. ते तिथेच राहू दे. वहिनींनी मला विचारलंच की गॅझेटात देऊन मुलीचं नाव बदलून घेता येईल का, म्हणजे 'एक कुटुंब दिसेल'. येईल. पण व्हिसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट जन्मदाखला आणि पासपोर्ट यांत तफावत पडेल. दादूच्या अमेरिकन पासपोर्टावर आजही त्याच्या वडिलांचं नाव मधे आहे. शाळेत पहिल्याच महिन्यात बाईंनी मला त्या नावाने हाक मारली होती. मी 'येस' म्हणालो. त्याला फार हसू आलं होतं.

तिच्या वडिलांबद्दल तू फोनवर एक शब्दही बोलला नाहीस, म्हणून मीच बोलतो. घटस्फोट परस्परसंमतीने झाला, ताबा आईकडे आहे, हे ठीक. पण तो हुकूमनामा स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाच. बापाला महिन्यातून दोनदा मुलीला भेटता येईल असं त्यात कुठे लिहिलेलं असेल, तर मुलगी एडिसनला आली की ते भेटणं बंद होतं. म्हणजे कोर्टाचा आदेश मोडला. वकिलात मुलीच्या ताब्याचा पुरावा आणि दुसऱ्या पालकाची संमती मागू शकते, आणि ती मागितल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. गृहस्थ तयार असतील तर त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या, शिवाय त्याच कोर्टात अर्ज करून भेटीची अट बदलून घ्या: सुट्टीत मुलगी कोल्हापूरला, एरवी व्हिडिओ कॉल. वकिलाचे पैसे जातील, जाऊ देत.

हे मागायला तू जाऊ नकोस, चिमणीच्या आईला जाऊ दे. तू गेलास की ते मुलगी मागायला आल्यासारखं दिसतं. दादूच्या वडिलांनी सही द्यायला चार महिने लावले. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. आज वाटतं, माझ्या मुलाला कुणी साता समुद्रापार नेत असता तर मीही चार महिने लावलेच असते.

पैशाचं थोडक्यात. दोघींच्या फाइलला वेगवेगळं आय-८६४ लागतं, म्हणजे त्यांच्या पालनपोषणाची तुझी हमी. कुटुंब तिघांचं धरून सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं. तुझ्या पगारात ते सहज बसतं. पण सही करण्यापूर्वी वाच. ही हमी घटस्फोटानेही सुटत नाही. त्या नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, ती तुझ्या मानेवर आहे. कर्जाला जामीन राहताना आपण माणूस पारखतो, इथे माणूस तूच निवडला आहेस, म्हणून पुढे जातो.

मेडिकल वकिलातीने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होतं. लसीकरणाचं जुनं पिवळं कार्ड सापडलं तर चिमणीची दोन-चार इंजेक्शनं वाचतील. तिच्या वयाला क्षयासाठी छातीचा फोटो नाही, आधी रक्ताची चाचणी. पोलिसांचा दाखला सोळा वर्षांपासून पुढे, म्हणजे तो फक्त आईला.

आता वहिनींचा दुसरा मुद्दा, जो त्यांनी तुला नाही, मला सांगितला: ''मुलगी वर्षभर आजीकडे राहू दे, आधी तुम्ही दोघं स्थिरस्थावर व्हा.'' वहिनींचा हेतू वाईट नाही. पण असं करू नकोस. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मायलेकी इथे उतरल्या तर दोघींना दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळेल, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत अट काढण्यासाठी आय-७५१ भरावा लागेल. मुलगी आईबरोबर, किंवा आईनंतर नव्वद दिवसांच्या आत आली, तर ती त्या अर्जात आईसोबत बसते. त्यानंतर आली तर पुन्हा तिचा वेगळा अर्ज. सगळ्या प्रवासात ही एकच जागा आहे जिथे ती आईच्या फाइलमध्ये बसू शकते. आणि कायदा बाजूला ठेव. बारा वर्षांची मुलगी आजीच्या घरी बसून विमानाचे दिवस मोजते, तेव्हा तिला काय कळतं ते तिला कळतं. दादूला त्या अकरा महिन्यांत कळलं होतं, आणि आई तर तेव्हा त्याच्याजवळच होती.

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. सावत्र बाप नागरिक असला तरी चिमणी तुझ्यामुळे नागरिक होत नाही. ती होईल आईमुळे. आईला नागरिकाची बायको म्हणून ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांनी अर्ज करता येतो, आणि आई नागरिक होते त्या दिवशी मुलगी अठराच्या आत असेल, ग्रीन कार्डावर आईजवळ राहत असेल, तर ती त्याच क्षणी आपोआप नागरिक. आता बोटं मोज. आज बारा. अर्ज, व्हिसा सेंटर, मुलाखत यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, कधी जास्त. उतरेल तेव्हा चौदाची. अधिक तीन, सतरा. वर आईच्या अर्जाला लागणारे महिने. हातात उरतं ते एखादं वर्ष. तेव्हा जानेवारीत पाठवतो म्हणालास ते जानेवारीतच पाठव, संक्रांतीच्या आधी. दोन्ही अर्ज एकाच दिवशी. 'तिचा नंतर टाकू' हे माझं वाक्य होतं, ते तू उचलू नकोस.

मधल्या काळात तिला पर्यटक व्हिसावर फिरवून आणायचा विचारही नको. अर्ज पडलेला असताना तो व्हिसा बहुधा नाकारतात. मुलीच्या मनावर मात्र पहिला नकार कोरला जातो. सुट्टी काढून तूच कोल्हापूरला जा. तिच्यासोबतचे फोटो आपोआप निघतील. फाइलसाठी म्हणून काढू नकोस, तसे फोटो लगेच ओळखू येतात. आमचे आले होते.

एक राहिलं. काकू आतून ओरडून सांगते आहे: शाळेतून चिमणीचा दाखला एवढ्यात काढू नका. पासपोर्टावर व्हिसा चिकटून हातात आला की मगच. आम्ही मुलाखतीची तारीख येताच दादूचा दाखला काढला होता. एक कागद कमी पडला, तारीख पुढे गेली, आणि पोरगं सात आठवडे ना इकडच्या शाळेत ना तिकडच्या. रोज सकाळी गणवेशातली मुलं जाताना बघायला गॅलरीत उभा राहायचा.

तिचा जन्मदाखला रविवारपर्यंत स्कॅन करून पाठव. आईचं नाव कसं लिहिलंय ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका