आठ तासांतले सव्वातीन

पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला की युरोपातल्या विमानतळाबाहेर सहज चक्कर मारून येता येतं, हा समज आपल्याकडे भलताच पक्का आहे. लेकाकडे बोस्टनला जाताना ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर आमच्या पुढचं पुण्याचं जोडपं त्याच भरवशावर रांगेत उभं होतं. अधिकाऱ्याने पानं चाळून त्यांना परत पाठवलं. भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायला शेंगेन व्हिसाच लागतो. तो असला तरी प्रवेश किती वेळा, ते वाचा. एकदाच असेल आणि परतताना पॅरिसला राहायचं असेल, तर या भटकंतीतच तो खर्ची पडतो. पॅरिस गेलं मग!

आमचा व्हिसा अनेक प्रवेशांचा होता, हाताशी आठ तास होते. म्हणजे कागदावर. उतरून पासपोर्ट तपासून घ्यायला तासभर; गाडी पंधरा-वीस मिनिटांतच सेंट्रल स्टेशनला पोचवते, तरी जाऊन-येऊन पाऊण तास; अमेरिकेच्या विमानाआधी पुन्हा प्रश्नोत्तरं, म्हणून तीन तास आधी परत. उरले सव्वातीन.

हिला ॲन फ्रँकचं घर बघायचं होतं. त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात. दारात मिळत नाहीत. मिळाली असती तरी मी घेतली नसती: वेळ ठरलेलं तिकीट आणि उशिरा पोचणारं विमान यांचं जमत नाही. मधल्या थांब्यात संग्रहालयांच्या वाटेला जाऊच नये, या मताचा मी आहे. पायी फिरा. स्टेशनातून सरळ डाम चौक. तिथला राजवाडा 13,659 लाकडी खांबांवर उभा आहे. मग पश्चिमेला कालवे ओलांडत प्रिन्सेनग्राख्त. घर बाहेरून पाहिलं, आणि शेजारच्या वेस्टरकेर्क चर्चच्या घड्याळाचे टोले ऐकले. ॲनने डायरीत लिहिलंय त्यांच्याबद्दल. ही बराच वेळ बोलली नाही.

लालसर पट्टी दिसली की तो फुटपाथ समजू नका, ती सायकलवाल्यांची वाट. फोटोसाठी तिथे थबकलात तर धडक ठरलेली. गाडीसाठी बँकेचं कार्ड चालतं, पण चढताना टेकवलंत तसं उतरल्यावरही टेकवा, नाहीतर जास्त पैसे कापले जातात. चेक-इन केलेलं सामान परस्पर बोस्टनला जातं, तेव्हा औषधं आणि टोपीचं जॅकेट जवळच्या बॅगेत हवं. छत्री नको; तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते.